पॉवर स्टिअरिंगचा आवाज : त्याची परीक्षा व घरच्या घरी दुरुस्ती

शेतकऱ्याच्या दारी बैलगाडीच्या जागी जीप, मालवाहू पिकअप व ट्रॅक्टर ही वाहने उभी राहू लागली, त्यास आता बराच काळ लोटला. बैलाच्या खुरात काटा रुतला, तर त्याच्या चालीवरून घरातील पोरासही ते उमगते. परंतु गाडीचे स्टिअरिंग वळविताना कुंथल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणजे चांगला अनुभवी शेतकरीही गोंधळून जातो, व गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असा जो निर्णय मिळेल तो मुकाट्याने मान्य करतो. नव्या पंपाचा खर्च हजारो रुपयांच्या घरात जातो. पुष्कळदा खरा दोष मात्र पेलाभर तेल कमी असणे, किंवा रबरी नळीवरील क्लिप सैल होणे, एवढाच असतो. हा मूळ दोष तसाच राहिला, तर नवा बसविलेला पंपही जुन्याच्याच वाटेने जातो. म्हणून आवाज आला की प्रथम स्वस्त कारणे तपासावी, व महाग कारणाकडे सर्वांत शेवटी वळावे, हा क्रम आमच्या वाचकांनी मनात पक्का धरावा. तो क्रम कसा पाळावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राची रचना

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअराने तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग इ. स. १९२६ मध्ये मोटारीवर बसवून चालवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते क्रायस्लर कंपनीने इ. स. १९५१ मध्ये प्रथम आणले. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. इंजिनच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो. तो टाकीतील तेल ओढून घेतो व दाबाने स्टिअरिंगच्या यंत्राकडे ढकलतो. आपण चक्र ज्या बाजूस फिरवू, त्या बाजूस व्हॉल्व्ह तेलास वाट करून देतो. तेल दट्ट्या ढकलते, व चाके वळविण्याचे श्रम हलके होतात. काम झालेले तेल दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. चक्र टोकापर्यंत वळविले असता मोटारीच्या या यंत्रातील दाब साधारणपणे ७० ते १०० बारपर्यंत चढतो. म्हणजे चाकातील हवेच्या दाबाच्या तिसाहून अधिक पट.

विहिरीवर पंप बसविलेल्या शेतकऱ्यास ही रचना समजावयास कठीण नाही. विहिरीवरच्या पंपाची पाणी ओढणारी नळी फुटली किंवा तिचा सांधा सैल झाला, तर त्या ठिकाणी पाणी गळत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते, पंप खडखडतो व पाणी तुटते. स्टिअरिंगच्या पंपाचेही तंतोतंत असेच आहे. तेल कमी पडले किंवा ओढणाऱ्या नळीतून हवा शिरली, की पंप ओरडू लागतो. भेद इतकाच की, विहिरीवरचा पंप कोरडा पडला तर पीक एक दिवस तहानेले राहते. स्टिअरिंगचा पंप मात्र आपल्याच तेलावर वंगण घेत असल्यामुळे कोरडा चालला की आतून झिजून कायमचा निकामी होतो.

एक गोष्ट आरंभीच पाहावी. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारींत तेलाऐवजी विजेच्या मोटरीवर चालणारे स्टिअरिंग असते. ही पद्धत सुझुकी कंपनीने इ. स. १९८८ मध्ये एका लहान मोटारीत प्रथम आणली. इंजिनच्या कप्प्यात स्टिअरिंगच्या तेलाची टाकी नसेल, तर आपली गाडी या जातीची असण्याचा संभव आहे, व पुढे सांगितलेले तेलाचे उपाय तिला लागू पडत नाहीत. मात्र ब्रेकच्या तेलाची टाकी ही स्टिअरिंगची समजून तीत काही ओतू नये. झाकणावरील अक्षरे वाचल्याशिवाय कोणतेच झाकण उघडू नये.

कामापूर्वीची सावधगिरी

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, व मागील चाकांच्या दोन्ही बाजूंस दगड किंवा लाकडी ठोकळे लावावे. पुढील चाके उचलावयाची असतील, तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली कदापि शिरू नये. खाली मजबूत घोडी लावावी. इंजिन चालू असताना उपरणे, पदर, सैल बाही किंवा गळ्यातील साखळी पंखा व पट्टा यांच्याजवळ जाऊ देऊ नये. नळीतून तेल उडत असल्याचा संशय आला, तर ते बोटाने चाचपून पाहू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, व वरून जखम क्षुल्लक दिसली तरी ती हात गमाविण्यापर्यंत जाऊ शकते. अशी जखम झाल्यास वेळ न दवडता दवाखाना गाठावा. शिवाय हे तेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडल्यास पेट घेऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आवाजाची परीक्षा

आवाज कोणता, केव्हा व कशाबरोबर वाढतो, हे ओळखले की अर्धे काम झाले. एकाने चक्र फिरवावे व दुसऱ्याने इंजिनजवळ उभे राहून ऐकावे. आवाजाच्या मुख्य जाती येणेप्रमाणे :

१. *कर्कश चिरकणे.* सकाळी गाडी सुरू करताच, पावसात भिजल्यावर, किंवा चक्र टोकापर्यंत वळविले असता जो तीक्ष्ण आवाज येतो, तो बहुधा पट्टा घसरल्याचा असतो.

२. *कुंथणे किंवा घुमणे.* इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा व चक्र वळविताना अधिक होणारा हा आवाज तेल कमी असल्याचा, तेलात हवा असल्याचा, किंवा तेलाची वाट तुंबल्याचा होय. आवाजांच्या तक्रारींत हीच जात सर्वांत अधिक आढळते.

३. *सुस्कारा.* चक्र टोकास पोहोचल्यावर येणारा हलका ‘स्स’ आवाज हा दोष नव्हे. तेलाचा दाब मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून ठेवलेली वाट त्या वेळी उघडते, तिचा तो आवाज असतो.

४. *एकसारखी घरघर.* चक्र स्थिर असतानाही चालू राहणारी, खरखरीत घरघर पंपातील बेअरिंग झिजल्याची खूण असू शकते.

५. *ठकठक, कटकट, करकर.* वळविताना किंवा खड्ड्यातून जाताना येणारा हा आवाज तेलाचा नव्हे. टाय रॉडचे सांधे, स्टिअरिंगच्या दांड्यातील क्रॉस, किंवा सस्पेन्शनचे बॉल जॉइंट सैल झाल्याची ती सूचना आहे. इंजिन बंद ठेवून सोबत्याने चक्र थोडेथोडे दोन्हीकडे हलवावे, व आपण बाहेरून एकेका सांध्यावर हात ठेवून कोठे धक्का जाणवतो ते पाहावे. असा सांधा सापडल्यास गाडी त्या स्थितीत चालवू नये. सांधा निसटला, तर चाके चालकाच्या ताब्यात राहत नाहीत.

आवाज नक्की कोठून येतो हे कळत नसेल, तर दोन हात लांबीची लोखंडी सळई घ्यावी. तिचे एक टोक पंपाच्या अंगावर, पट्ट्यापासून दूर, टेकवावे, व दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून अंगठा कानाशी धरावा. त्याच रीतीने शेजारच्या अल्टरनेटरवरही ऐकावे. ज्या ठिकाणी आवाज भरीव व मोठा ऐकू येईल, तेथे दोष शोधावा. पुष्कळदा स्टिअरिंगच्या माथी मारलेला आवाज अल्टरनेटरच्या बेअरिंगचा किंवा पट्ट्याच्या ताणकप्पीचा निघतो.

या सर्वांपूर्वी पुढील चाकांतील हवाही मोजून घ्यावी. हवा कमी असलेले चाक वळविण्यास जड जाते, पंपावर ताण पडतो व तो ओरडतो. यास उपाय हवा भरणे एवढाच आहे.

तेलाची परीक्षा

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते व त्याच्या भोवतालची जागा स्वच्छ फडक्याने पुसावी. शेतातील धूळ चिमूटभर जरी आत गेली, तरी ती पंपाच्या गुळगुळीत पृष्ठभागास कानशीप्रमाणे घासते. टाकीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर थंड व गरम अशा दोन स्थितींच्या खुणा असतात; इंजिनच्या त्या वेळच्या स्थितीस अनुसरून पातळी पाहावी.

नंतर तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. तेल तांबडे किंवा मधासारखे स्वच्छ असेल तर ठीक. काळसर तपकिरी होऊन करपल्याचा वास येत असेल, तर ते बदलावे. फेसाळलेले असेल, तर त्यात हवा आहे. दुधाळ दिसत असेल व उभ्या गाडीत कित्येक तासांनीही निवळत नसेल, तर पाणी शिरले आहे असे समजावे. चांदीसारखे चमकणारे कण दिसले, तर आतील धातू झिजत आहे. तेथे घरगुती उपायांची मर्यादा संपली.

पातळी कमी असल्यास नुसते तेल भरून स्वस्थ बसू नये. हे तेल जळत नाही व उडूनही जात नाही. ते कमी झाले म्हणजे कोठेतरी गळलेच. नळ्या, सांधे व पंप पुसून कोरडे करावे, इंजिन चालू करून चक्र पाच-सहा वेळा दोन्हीकडे वळवावे, इंजिन बंद करावे व मग कोठे ओल येते ते पाहावे. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला, यावरून गळतीची जागा कळते. रॅकच्या दोन्ही टोकांस रबरी बूट असतात. ते दाबून पाहता आत तेल डुचमळत असेल, तर रॅकचे सील गेले आहे. ते काम कुशल मिस्तरीचे आहे.

कोणते तेल घालावे, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांस स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये वापरतात ते डेक्स्रॉन जातीचे तांबडे तेल चालते, परंतु सर्वांस नव्हे. काही कंपन्यांनी आपले निराळे तेल ठरविलेले आहे. ब्रेकचे तेल मात्र यात चुकूनही घालू नये. त्याने रबरी सीले फुगून खराब होतात व संपूर्ण यंत्रणा उघडावी लागते. तसेच हे तेल ब्रेकच्या टाकीत गेल्यास ब्रेकची रबरे निकामी होतात, व तो प्रसंग प्राणावर बेतू शकतो.

हवा कोठून शिरते

पातळी बरोबर आहे, गळतीही कोठे दिसत नाही, तरी तेल फेसाळते व पंप कुंथतो, असा प्रकार झाला की मिस्तरी पंपास दोष देतो. अशा वेळी टाकीपासून पंपाकडे जाणारी जाड रबरी नळी आधी तपासावी. वर्षानुवर्षे इंजिनच्या उष्णतेने ती कडक होते व क्लिपखाली बारीक चिरते. विहिरीच्या पंपाप्रमाणेच या ठिकाणी तेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते, म्हणून जागा कोरडी दिसते व दोष लपून राहतो. नळी दाबून पाहावी. ती लाकडासारखी कडक लागली, तर योग्य मापाची, तेलासाठीच बनविलेली नवी नळी व नव्या क्लिपा घालाव्या. पाण्याची किंवा फवारणीपंपाची नळी येथे चालत नाही. नळीच्या सांध्यावर ओ-रिंग असल्यास तीही बदलावी. काही टाक्यांच्या तळाशी जाळी असते. ती गाळाने तुंबली तरी पंपास तेल अपुरे पडते व तोच आवाज येतो.

हवेची आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन तापलेले व मंद चालू असताना टाकीतील पातळी पाहून ठेवावी, मग इंजिन बंद करून पुन्हा पाहावी. पातळी ५ मिलिमीटरहून अधिक वर आली, तर तेलात हवा आहे असे निश्चित समजावे.

हवा काढण्याची रीत

१. पुढील दोन्ही चाके जमिनीपासून उचलून घोडीवर ठेवावी. इंजिन बंद ठेवावे, पण स्टिअरिंगचे कुलूप सुटेल इतकी किल्ली फिरवावी.

२. टाकी खुणेपर्यंत भरावी. सोबत्याने चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश, पंधरा-वीस वेळा फिरवावे. तेल खाली जाईल तसतसे भरत जावे. टाकी रिकामी होऊ देऊ नये. बुडबुडे वर येताना दिसतील.

३. बुडबुडे थांबले की पाच-दहा मिनिटे स्वस्थ राहावे. नंतर इंजिन सुरू करून मंद ठेवावे व चक्र पुन्हा काही वेळा दोन्हीकडे फिरवावे. टोकाशी ते पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये. त्याने तेल अतिशय तापते व पंपावर विनाकारण ताण येतो.

४. तेल फेसाळले, तर इंजिन बंद करून तासभर फेस निवू द्यावा व सर्व कृती पुन्हा करावी. येथे घाई उपयोगी नाही. इंजिन जोरात चालविल्यास फेस अधिकच घुसळला जातो.

५. शेवटी गाडी जमिनीवर उतरवून पातळी पाहावी, झाकण लावावे, व आधी अंगणात, मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहावे.

तेल जुने झाले असेल, तर ते थोडेथोडे बदलण्याची रीत घरी सोपी पडते. मोठ्या पिचकारीने टाकीतील तेल ओढून काढावे, नवे भरावे, इंजिन सुरू करून चक्र काही वेळा फिरवावे, व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करावे. तीन-चार वेळा असे केले की बहुतेक तेल नवे होते. यासाठी गुरांना औषध पाजण्याची पिचकारी वापरली, तर ती पुन्हा गुरांसाठी वापरू नये. यंत्रणा रॉकेलने धुण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये. रॉकेलास वंगण नाही, व ते रबरालाही मारक आहे. काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे.

पट्टा व पंप

चिरकण्याचा आवाज असेल, तर इंजिन बंद करून पट्टा पाहावा. त्याची आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल, चिरा पडल्या असतील, किंवा त्यावर तेल उडाले असेल, तर तो बदलावा. जुन्या पद्धतीचा एकधारी पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता सुमारे १० मिलिमीटर लवावा. अधिक लवला तर ताण द्यावा. परंतु ताण जास्त झाल्यास बेअरिंग झिजते. अनेक खाचांच्या रुंद पट्ट्यास स्वयंचलित ताणकप्पी असते; तेथे ती कप्पी सैल झाली आहे काय, हे पाहावे. कारण ओळखण्यासाठी चालू पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दुरून थोडे स्वच्छ पाणी शिंपडावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला, तर पुली एका रेषेत नाहीत.

तेल, हवा, नळी, जाळी व पट्टा ही सर्व निर्दोष ठरल्यावरच पंपाचा विचार करावा. पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ, मिनिटाच्या आत, चालवून पाहावे. त्याच पट्ट्यावर इंजिनचे पाणी फिरविणारा पंप असू शकतो, म्हणून अधिक वेळ चालवू नये. आवाज नाहीसा झाला, तर इंजिन बंद करून पंपाची पुली हाताने फिरवावी. ती खरखरली किंवा हलली, तर पंप गेला हे मान्य करावे. नवा पंप घालताना नवे तेल भरावे व जुन्या पंपाचा धातूचा चुरा यंत्रणेतून धुऊन काढवून घ्यावा. नाहीतर तोच चुरा नव्या पंपास खातो.

ट्रॅक्टर व घाट

मोटारीत चक्र व चाके यांमध्ये लोखंडी दांड्यांचा संबंध कायम असतो. तेलाचा दाब गेला तरी गाडी वळते, परंतु फार बळ लावावे लागते. नारायणगावाहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरणाऱ्या चालकास वळणावर अकस्मात असे बळ लावावे लागले, तर त्याचा परिणाम सांगावयास नको. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरण्याची खोड तर सर्वस्वी सोडावी. त्यामुळे स्टिअरिंगचे व ब्रेकचे, दोन्ही साहाय्य एकदमच जाते.

हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरची गोष्ट याहून गंभीर आहे. तेथे चक्र व चाके यांत लोखंडी दांडा नसतोच. तेल हाच दुवा असतो. इंजिन बंद पडले तर चक्र स्वतःच हातपंपाचे काम करून चाके कशीबशी वळविते. परंतु नळी फुटून तेल गेले, तर चक्र नुसते फिरत राहते. उसाची भरलेली ट्रॉली मागे असताना असा प्रसंग येऊ नये, म्हणून ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगच्या नळ्यांवर फुगवटा, चीर किंवा ओल दिसताच त्या बदलून घ्याव्या. त्याची टाकी निराळी आहे की तेल गिअरबॉक्समधून घेतले जाते, हे पुस्तकात पाहून मगच तेल घालावे. स्टिअरिंगचे मुख्य युनिट, दाबाचा व्हॉल्व्ह किंवा रॅक घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये.

सारांश

चिरकले तर पट्टा पाहावा. कुंथले तर तेल पाहावे. फेस आला तर नळी पाहावी. ठकठकले तर सांधे पाहावे, व गाडी उभी ठेवावी. हे सर्व पाहून झाल्यावरच पंपाकडे वळावे. आठवड्यातून एक वेळ इंजिनच्या तेलाबरोबर स्टिअरिंगच्या तेलाचीही पातळी पाहण्याची सवय ठेवली, तर यांतील बहुतेक प्रसंग येणारच नाहीत. या माहितीने आमच्या एखाद्या शेतकरी बंधूचा नव्या पंपाचा खर्च वाचला, किंवा घाटातील एखादे संकट टळले, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.